एस्पेरान्तोत शब्द जोडताना

एस्पेरान्तो ही रचलेली भाषा शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांत वेगळाच हुरूप येतो. ‘सान’ या मुळाचा अर्थ निरोगी. विशेषण करायचे तर शेवटी ‘आ’ लावायचा: साना. आधी ‘माल’ जोडले की अर्थ उलटतो: मालसाना, म्हणजे आजारी. ‘उल’ म्हणजे तसा माणूस आणि शेवटचा ‘ओ’ म्हणजे नाम. मालसानूलो झाला आजारी माणूस. ‘एय’ म्हणजे जागा. मालसानुलेयो म्हणजे रुग्णालय. एक मूळ, चार-पाच प्रत्यय, आणि पाठांतर न करता हाताशी आलेले शब्द. अपवाद नाही असे पुस्तकाने सांगितलेले असते आणि इथवर ते खरे ठरते. मग कंगवा येतो. ‘कोम्बी’ म्हणजे विंचरणे. ‘ईल’ हा साधनाचा प्रत्यय, म्हणून कंगवा म्हणजे कोम्बीलो, हेही पटते. पण ‘ब्रोसी’ म्हणजे ब्रशने घासणे, आणि ब्रशला मात्र ब्रोसीलो म्हणत नाहीत, नुसते ‘ब्रोसो’ म्हणतात. हातोड्याने ठोकणे ‘मार्तेली’, आणि हातोडा ‘मार्तेलो’. त्याच चालीवर ‘कोम्बो’ म्हणजे कंगवा व्हायला हवा होता. पण कोम्बो म्हणजे विंचरण्याची क्रिया. अपवाद नसलेल्या भाषेत हे कुठून आले, असा प्रश्न शिकणाऱ्याला पडतो.

हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. एस्पेरान्तोच्या शब्दसंग्रहाविषयी शिकणारे जे विचारतात त्यातले बरेचसे याच्याच आसपास फिरते, आणि त्याचे उत्तर नीट समजले तर या भाषेची खरी करामत कुठे आहे ते कळते. माझे म्हणणे असे: एस्पेरान्तोचे शब्द नियमाने घडतात हे शंभर टक्के खरे, पण ते नियम ज्या मुळांवर चालतात ती मुळे कोरी नाहीत. प्रत्येक मूळ आपला अर्थ घेऊन येते, आणि त्या अर्थातच ते नाम आहे, क्रिया आहे की गुण आहे हे ठरलेले असते. शिवाय नियमाने जे घडते तो फक्त शक्य शब्द. त्या शक्यतेतून नेमका अर्थ पक्का करण्याचे काम भाषा वापरणारे लोक करतात. मुळाची जात आणि लोकांचा वापर ही दोन अंगे पहिल्या धड्यात सांगितली जात नाहीत, आणि गोंधळ नेमका तिथे होतो.

ही भाषा उभी राहिली ती प्रत्ययांच्या शोधातून. लुडविक झामेनहोफ याचा जन्म 1859 मध्ये ब्यालिस्तोक गावी झाला. पुढे नेत्रवैद्य झालेल्या या माणसाने शाळेत असतानाच भाषा रचायला घेतली, आणि शब्दकोशाचा आकार पाहून तो हबकला. एवढे शब्द जगातला सामान्य माणूस पाठ करणार कसा? त्याची वाट मोकळी केली रस्त्यावरच्या दोन पाट्यांनी. एका पाटीवर दरवानाच्या खोलीसाठी ‘श्वेइत्सार्स्काया’ हा रशियन शब्द होता, दुसरीवर मिठाईच्या दुकानासाठी ‘कोन्दितर्स्काया’. दोन्हींच्या शेवटी तोच ‘स्काया’. असे शेवट नीट वेचून सर्वत्र लागू केले तर एका शब्दापासून कितीतरी शब्द निघतील आणि त्यांना पाठ करावे लागणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले. आपला मित्र बोरोव्को याला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितले आहे. 26 जुलै 1887 रोजी वॉर्साला ‘डॉक्टर एस्पेरान्तो’ या टोपणनावाने त्याचे पहिले पुस्तक रशियन भाषेत निघाले. त्यात व्याकरणाचे 16 नियम होते आणि मूळ शब्द सुमारे 900.

ही बचत केवढी, ते मराठी स्वयंपाकघरात पाहावे. किसायचे साधन किसणी, गाळायचे गाळणी, चाळायचे चाळणी. इथपर्यंत ‘णी’ हा प्रत्यय इमानाने चालतो. पण लाटायला लाटणे, खुरपायला खुरपे, कातरायला कात्री, झाडायला झाडू. विंचरायला विंचरणी नाही, कंगवा किंवा फणी, शिवायला सुई. जन्मापासून मराठी बोलणाऱ्याला यात काही खटकत नाही, बाहेरून शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक साधनाचे नाव स्वतंत्रपणे घोकावे लागते. एस्पेरान्तोत शिवणे ‘कुद्री’, म्हणून सुई ‘कुद्रीलो’. कातरणे ‘तोन्दी’, म्हणून कात्री ‘तोन्दीलो’. ज्याला क्रियापद आले त्याला साधन आले. झामेनहोफने युरोपीय भाषांतून मुळे उचलली, पण त्यांची जुळणी मात्र युरोपीय भाषांपेक्षा पुष्कळ सरळ ठेवली. ‘आलय’ जोडून ग्रंथालय, विद्यालय, कार्यालय करणाऱ्या आपल्यासारख्यांना ती परकी वाटत नाही. रुग्णालय आणि मालसानुलेयो यांच्या रचनेत फरक एवढाच की आजारी माणसासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे आणि त्यांना तो निरोगीपणापासून घडवावा लागतो.

आता पुन्हा कंगव्याकडे. ‘कोम्ब’ हे मूळ क्रियेचे आहे. त्याला ‘ओ’ लावला की त्या क्रियेचेच नाम मिळते, विंचरणे. साधन हवे असेल तर ‘ईल’ जोडायलाच हवे. ‘ब्रोस’ आणि ‘मार्तेल’ ही मुळे वस्तूंची आहेत. त्यांना ‘ओ’ लावला की वस्तू हाती येते. ‘ई’ लावला की त्या वस्तूने सहसा जे करतात ती क्रिया. तिथे साधनाचा प्रत्यय जोडणे म्हणजे साधनाचे साधन म्हणण्यासारखे होईल. उलट, घासण्याच्या क्रियेचे नाम हवे असेल तर क्रिया दाखवणारा ‘आद’ लावून ‘ब्रोसादो’ करावे लागते. हे ऐकून चक्रावण्याचे कारण नाही, कारण मराठीतही अगदी हेच घडते. ‘खेळणे’ ही मूळची क्रिया, म्हणून ‘खेळ’ म्हणजे ती क्रिया, आणि ज्याच्याशी खेळायचे ते ‘खेळणे’ वेगळे सांगावे लागते. ‘करवत’ मात्र मूळची वस्तू. तिच्यापासून ‘करवतणे’ निघते आणि साधनासाठी निराळा शब्द लागत नाही. खेळ म्हणजे बाहुली असे कुणी समजत नाही आणि करवत म्हणजे कापण्याची क्रिया असेही कुणी समजत नाही.

हा मुद्दा एकेकाळी एस्पेरान्तोच्या जिवावर बेतला होता. फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ लुई कूत्युरा याचा आक्षेप असा होता की नामाचे क्रियापद केले आणि त्या क्रियापदाचे पुन्हा नाम केले तर मूळ नामाशीच परत यायला हवे. मुकुट म्हणजे ‘क्रोनो’. त्याचे क्रियापद ‘क्रोनी’, म्हणजे मुकुट घालणे. मग ‘क्रोनो’ म्हणजे मुकुट की राज्याभिषेक? एकाच रूपाला दोन अर्थ येतात, म्हणून क्रियापद करताना वेगळा प्रत्यय सक्तीचा हवा, असे त्याचे म्हणणे. 1907 मध्ये पुढे आलेल्या ‘इदो’ या सुधारित भाषेत तशी तरतूद झाली आणि चळवळ दुभंगली. या आक्षेपाला सर्वांत नेटके उत्तर दिले ते रने द सोस्यूर याने. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा फर्दिनां द सोस्यूर याचा हा धाकटा भाऊ, आणि पेशाने गणिती. 1910 च्या सुमारास त्याने मांडले की मुळांना स्वतःची जात असतेच, आणि शब्द घडवताना अर्थासाठी जेवढे घटक आवश्यक आणि पुरेसे तेवढेच घ्यावेत, जास्त नकोत. ‘क्रोन’ हे मूळ वस्तूचे, म्हणून क्रोनो म्हणजे मुकुटच. अभिषेकासाठी ‘क्रोनादो’ आहे. कूत्युराची मागणी कागदावर निर्दोष दिसते, पण तिने नामापासून केलेल्या प्रत्येक क्रियापदावर एक जादा प्रत्यय लादला असता आणि बोलणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्याच्याकडून पुन्हापुन्हा वदवून घेतली असती. सोस्यूरची बाजू मला बळकट वाटते ती याचसाठी. फक्त तिची किंमत मान्य केली पाहिजे: मुळाची जात शब्दावर छापलेली नसते, ती लक्षातच ठेवावी लागते.

दुसरा नेहमीचा प्रश्न ‘माल’बद्दल. चांगला ‘बोना’, वाईट ‘मालबोना’. तरुण ‘युना’, म्हातारा ‘मालयुना’. उजवा ‘देक्स्त्रा’, डावा ‘मालदेक्स्त्रा’. विरुद्धार्थी जोड्यांतला एकच शब्द शिकायचा, हा फायदा उघड आहे. पण शिकणारा विचारतो, म्हाताऱ्याला ‘तरुणाच्या उलट’ म्हणायचे हा कसला न्याय? आणि जोडीतला मूळ शब्द कुठला, हे कसे ओळखायचे? मऊ हा मूळ शब्द आहे आणि टणक त्यापासून घडवलेला, हे तर्काने कळणार नाही. ते शिकावेच लागते. शिवाय ‘माल’ म्हणजे नकार असे समजून पुष्कळजण चुकतात. त्या जागी ‘ने’ आहे. ‘आमीको’ म्हणजे मित्र, ‘नेआमीको’ म्हणजे जो मित्र नाही असा कुणीही, आणि ‘मालआमीको’ म्हणजे शत्रू. संस्कृतच्या व्याकरणपरंपरेशी ओळख असलेल्याला ही फोड लगेच पटावी. तिथे नकारवाचक ‘अ’चे, म्हणजे ‘नञ्’चे, सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, वेगळेपणा, अल्पता, अप्रशस्तपणा आणि विरोध. ‘अमित्र’ म्हणजे शत्रू हा विरोधाचा अर्थ. एकाच ‘अ’मध्ये सहा अर्थ दाटीने बसलेले असल्यामुळे प्रत्येक शब्द संदर्भावरून सोडवावा लागतो. एस्पेरान्तोने विरोधाचे काम ‘माल’कडे दिले आणि अभाव नि वेगळेपणा ‘ने’कडे सोपवला. एवढी स्वच्छ वाटणी फार थोड्या भाषांत सापडेल.

म्हाताऱ्याच्या अपमानाचा मुद्दा भावनेला भिडतो, पण वापरात तो टिकत नाही. जो शब्द रोज तोंडात असतो त्याचे घटक बोलणाऱ्याला सुटे सुटे ऐकू येत नाहीत. ‘मालयुना’ त्याच्या कानाला सरळ म्हातारा असाच लागतो. लांबीची तक्रार अधिक खरी आहे. कवितेच्या ओळीत ‘मालवार्मा’ म्हणजे थंड, ‘माललोंगा’ म्हणजे आखूड असे शब्द बसवताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून काल्मान कलोचाय या हंगेरियन डॉक्टर-कवीच्या पिढीने आणि नंतरच्यांनीही नवी छोटी मुळे आणली. ‘फ्रीदा’ म्हणजे थंड, ‘कुर्ता’ म्हणजे आखूड, ‘ओल्दा’ म्हणजे म्हातारा, ‘लीवा’ म्हणजे डावा. ती कोशात गेली, आणि शिकणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला की यातले कुठले शिकायचे. संयुक्त राष्ट्रांत अनुवादक म्हणून काम केलेला स्विस मानसशास्त्रज्ञ क्लोद पिरों याने 1989 मध्ये ‘ला बोना लिंगवो’ या पुस्तकात अशा मुळांच्या सुळसुळाटाविरुद्ध बाजू मांडली. माझा कल त्याच्याकडे आहे. कवीला सूट हवी, ती त्याने जरूर घ्यावी. पण बातमीत, पत्रात, पाठ्यपुस्तकात ‘कुर्ता’ वापरला की दूर कुठेतरी एकट्याने, हाताशी फारसे काही नसताना ही भाषा शिकलेल्या माणसावर एक जादा शब्द लादला जातो. या भाषेची सगळी कमाई त्याच्यासाठी आहे.

उसना शब्द घ्यायचा की घरचा घडवायचा, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रुजले. टेबल आणि पेन मात्र जसे आले तसे राहिले. एस्पेरान्तोत या वादाला व्याकरणाचा आधार आहे. सोळा नियमांपैकी पंधरावा सांगतो की बहुतेक भाषांनी एकाच उगमातून घेतलेले शब्द एस्पेरान्तोतही घ्यावेत, फक्त त्यांना इथले स्पेलिंग द्यावे. पण एका मुळाचे अनेक शब्द असतील तर मूळ शब्द तेवढा घ्यावा आणि बाकीचे नियमाने घडवावेत. म्हणून ‘तेआत्रो’ घेतला की नाट्यविषयक म्हणायला इंग्रजी-फ्रेंचकडे पुन्हा जायचे नाही, सरळ ‘तेआत्रा’ म्हणायचे. या नियमात दोन्ही बाजूंना जागा आहे, आणि म्हणूनच ‘मालसानुलेयो’च्या शेजारी ‘होस्पितालो’ही सुखाने नांदतो. संगणक आला तेव्हा ‘कोम्पुतोरो’, ‘कोम्पुतेरो’ असे उसने शब्द पुढे झाले होते, पण टिकला तो ‘कोम्पुतीलो’, गणना करायचे साधन. मोबाईल फोन म्हणजे ‘पोश्तेलेफोनो’, खिशातला फोन. ई-मेल म्हणजे ‘रेत्पोश्तो’, जाळ्यातली टपाल. कुठल्याही सरकारी समितीने हे शब्द लादलेले नाहीत. ऐकताक्षणी कळतात म्हणून लोकांनी उचलले.

जोडणी मोकळी असली की कधीकधी सांधा चुकीच्या ठिकाणी दिसतो, हा आणखी एक आक्षेप. ‘सुकेरो’ म्हणजे साखर, पण ‘सुक’ म्हणजे रस आणि ‘एर’ म्हणजे कण असे तोडले तर तो रसाचा थेंब होईल. ‘कोलेगो’ म्हणजे सहकारी, आणि तोडला तर भलीमोठी मान. ‘आवारो’ म्हणजे कंजूष, किंवा आजोबांचा घोळका. रेमों श्वार्त्ससारख्या लेखकाने अशा कोट्यांवर मनसोक्त विनोद केले. भाषा बोलताना मात्र अडचण जवळजवळ येतच नाही, कारण चहात रसाचे थेंब कुणी घालत नाही.

त्याहून शिकणाऱ्याला खरोखर छळतो तो सकर्मक-अकर्मकाचा भाग. ‘बोली’ म्हणजे उकळणे, पण ते पाण्याचे उकळणे. आपण पाणी उकळतो तेव्हा ‘बोलीगी’ म्हणावे लागते. उलट ‘रोम्पी’ म्हणजे तोडणे, आणि काठी आपोआप तुटते तेव्हा ‘रोम्पीजी’. म्हणजे ‘ईग’ने करवणे येते आणि ‘ईज’ने होणे येते, पण कुठल्या मुळाला कुठला लावायचा हे मूळ कशाचे आहे यावर अवलंबून. इंग्रजीभाषक इथे सर्रास ठेचकाळतात, कारण इंग्रजीत दोन्हींसाठी बहुधा एकच रूप चालते. मराठी माणसाला इथे चांगलेच पाठबळ आहे. शिजणे आणि शिजवणे, पडणे आणि पाडणे, फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे हा भेद तो लहानपणापासून पाळतो. त्याला फक्त एवढेच लक्षात ठेवायचे असते की जोडीतले कुठले टोक एस्पेरान्तोने मूळ धरले आहे.

दोन आक्षेप मात्र मला खोडून काढता येत नाहीत. पहिला लिंगभेदाचा. ‘पात्रो’ म्हणजे वडील, आणि आई म्हणजे ‘पात्रीनो’, त्यालाच लावलेला स्त्रीलिंगी प्रत्यय. मराठी कानाला हे बोचते, आणि बोचायलाच हवे. आई हा शब्द बापापासून घडवावा लागतो ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची खूण आहे, तर्काची गरज नव्हे. शिक्षक, डॉक्टर यांसारखे शब्द आज उभयलिंगी मानून वापरले जातात. पण भाऊ, मुलगा, काका, राजा अशी मूठभर मुळे पुरुषवाचकच राहिली आहेत. पुरुषासाठी ‘ईच’ हा वेगळा प्रत्यय आणि ‘री’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम काही लोक वापरतात. अधिकृत मान्यता नसली तरी वापर आहे, आणि या भाषेत बदल वापरातूनच येतो. दुसरा आक्षेप मुळांच्या युरोपीयपणाचा. ‘पात्रो’ ऐकून इटालियन माणसाला जे आपोआप आठवते ते सांगलीच्या विद्यार्थ्याला आठवत नाही. पितृशी नाते असले तरी ते शोधावे लागते. त्याच्यासाठी मुळांचा साठा परकाच आहे. पण म्हणूनच प्रत्ययांचा लाभ त्याला युरोपीय माणसाहून अधिक होतो. इटालियन माणसाने शंभर शब्द ओळखीवर निभावले, तर याला ते शंभर शब्द वीस मुळे आणि काही प्रत्ययांतून मिळतात. अन्याय पुरता फिटत नाही. बराच कमी होतो.

उरला वापराचा थर. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणे, ‘लेर्नेयो’ म्हणजे शिकायची जागा. पण लेर्नेयो म्हणजे शाळाच, वाचनालयाचा कोपरा नव्हे. ‘वोर्तारो’ म्हणजे शब्दांचा समूह, पण तो म्हणजे शब्दकोश. वाक्यातल्या शब्दांना वोर्तारो म्हणत नाहीत. ‘मोनेरो’ म्हणजे पैशाचा कण, म्हणजे नाणे. ‘एल्दोनेयो’ म्हणजे बाहेर देण्याची जागा, आणि ती प्रकाशनसंस्था. नियमाने दिलेल्या रुंद अर्थातून लोकांनी एक कप्पा पक्का केला. तो प्रत्ययांवरून अंदाजता येतो, पण नक्की करायला कोश उघडावा लागतो. फर्दिनां द सोस्यूर याने आपल्या व्याख्यानांत विचारले होते की ही घडवलेली भाषा लोकांच्या हाती गेली तर बदलाच्या नियमातून सुटेल का? ती सुटली नाही. 1905 मध्ये बुलोन-स्युर-मेरच्या पहिल्या जागतिक संमेलनात ‘फुन्दामेन्तो’ हा पायाभूत ग्रंथ अस्पर्श्य ठरला, त्याला कुणीही हात लावायचा नाही असे ठरले. तरी त्याच पायावर शब्दांचे अर्थ अरुंद झाले, काही मुळे मागे पडली, काही नवी आली. मुळे नि प्रत्यय जागच्या जागी राहिले म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर आजचा नवशिका वाचू शकतो, आणि जोडणी मोकळी राहिली म्हणून कोम्पुतीलो जन्माला येऊ शकला.

त्या फुन्दामेन्तोतल्या शब्दकोशात प्रत्येक मुळाचा अर्थ फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश या पाच भाषांत दिला आहे. झामेनहोफने मुळाची जात कुठेही लिहून ठेवली नाही. ती या पाच अर्थांवरून ताडायची. कंगव्याच्या मुळाशी पाचही भाषांत क्रियापद आहे, हातोड्याच्या मुळाशी नाम. मराठीतून ही भाषा शिकवणाऱ्याला यातून एक सोपे काम करता येईल. प्रत्येक मुळाचा पहिला अर्थ मराठीतही त्याच जातीचा द्यावा, आणि शेजारी एकाच ओळीत त्याची दोन रूपे छापावीत. ‘कोम्ब’समोर: विंचरणे, कोम्बो, विंचरण्याची क्रिया, कोम्बीलो, कंगवा. ‘मार्तेल’समोर: हातोडा, मार्तेली, हातोड्याने ठोकणे, मार्तेलादो, ठोकाठोक. ‘बोल’समोर: पाणी उकळणे, बोलीगी, पाणी उकळवणे. पहिल्या काही शेकडा मुळांसाठी एवढे केले, तरी सुरुवातीच्या महिन्यात अडवणारे बहुतेक प्रश्न विचारायच्या आधीच सुटतील.